१५ एप्रिल ही तारीख आली कुठून?

ऑक्टोबर लागला की माझ्याकडे ठरावीक प्रश्न यायला लागतात. "ताई, डेडलाइन १५ डिसेंबर आहे, पण मी नोव्हेंबरमध्येच फॉर्म भरून टाकला तर चान्स वाढतो का?" "प्रायॉरिटी डेडलाइन आणि फायनल डेडलाइन यात नक्की फरक काय?" "चुलत भाऊ बारावीनंतर अमेरिकेला जायचं म्हणतोय, त्याला अर्ली डिसिजन म्हणजे काय ते समजावून सांगशील?" आणि मग फेब्रुवारीत, जरा घाबऱ्याघुबऱ्या आवाजात: "ऑफर आलीये, पण दहा दिवसांत हो की नाही कळवा म्हणतायत. आता काय करू?"

या प्रत्येकाचं दोन ओळींत उत्तर देता येतं आणि ते मी देतेच. पण दोन ओळींचं उत्तर पुढच्या वर्षी, पुढच्या विद्यापीठासाठी कामी येत नाही. या तारखा अशा का आहेत हे एकदा कळलं, की कुठल्याही वेबसाइटवरची डेडलाइन तुमची तुम्हाला वाचता येते. म्हणून आज टिप्स नाहीत, थोडा इतिहास. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं, आता पीएचडी चालू आहे. तरी हे सगळं वाचताना एक गोष्ट फार ओळखीची वाटली. ऊर्जा जशी नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते, तसंच प्रवेशातल्या अनिश्चिततेचं आहे. कॉलेजला माहीत नसतं कोण येणार. विद्यार्थ्याला माहीत नसतं कोण घेणार. ही अनिश्चितता कुणालाच संपवता येत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या गळ्यात घालता येते. डेडलाइनचे जितके प्रकार आहेत ते सगळे याच ओढाताणीतून निघालेले आहेत.

आधी शब्द समजून घेऊ, म्हणजे पुढे अडखळायला होणार नाही. अमेरिकेत पदवीच्या प्रवेशासाठी, म्हणजे आपल्या बारावीनंतर, एकाच कॉलेजला अर्ज करायच्या दोन-तीन वाटा असतात. 'रेग्युलर डिसिजन' ही सरळ वाट: साधारण जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज, मार्चअखेरीस निकाल, १ मेपर्यंत तुमचा होकार. 'अर्ली ॲक्शन'मध्ये अर्ज नोव्हेंबरच्या सुरुवातीला, निकाल बहुधा डिसेंबरच्या मध्यात, पण उत्तर द्यायला १ मेपर्यंत मोकळीक. 'अर्ली डिसिजन'ची तारीखही साधारण नोव्हेंबरचीच, फक्त तिथे आधीच लिहून द्यायचं असतं: घेतलंत तर मी येणारच, आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घेईन. त्या कागदावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात. काही ठिकाणी 'अर्ली डिसिजन टू' असतं, तोच करार, फक्त जानेवारीत. 'रिस्ट्रिक्टिव्ह' किंवा 'सिंगल चॉइस अर्ली ॲक्शन' हा मधला प्रकार आहे. यात यायलाच हवं असं बंधन नसतं, पण दुसऱ्या खासगी कॉलेजात लवकरचा अर्ज करायचा नाही अशी अट असते. आणि 'रोलिंग' म्हणजे अर्ज येतील तसे वाचायचे, जागा भरल्या की दार बंद.

एका साध्या गोष्टीसाठी एवढे प्रकार कसे झाले?

मुळात तारखेचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत कॉलेज बोर्डाची पहिली परीक्षा जून १९०१ मध्ये झाली आणि तिला ९७३ जण बसले होते. त्याआधी प्रत्येक कॉलेज आपापली प्रवेशपरीक्षा घ्यायचं. जूनमध्ये परीक्षा द्यायची, पास झालात तर शरद ऋतूत वर्गात बसायचं. जूनला कच्चे राहिलेल्यांना पुष्कळ कॉलेजं सप्टेंबरमध्ये पुन्हा संधी द्यायची. पोरगा एकाच कॉलेजला जायचा विचार करायचा, बहुतेकदा बाप जिथे शिकला तिथेच. त्यामुळे कोण येणार हे कॉलेजला आधीच ठाऊक असायचं. (हा 'पोरगा' म्हणजे कुठला, हे वेगळं सांगायला नको. गोरा, पैसेवाला, ठरावीक शाळांमधला. अनिश्चितता नव्हती, कारण दार फार थोड्यांसाठीच उघडं होतं.)

दुसऱ्या महायुद्धाने ही घडी विस्कटली. १९४२ मध्ये जूनच्या लेखी निबंधवजा परीक्षा बंद झाल्या आणि एप्रिलमधल्या सॅट चाचणीवर प्रवेश व्हायला लागले. मग १९४४ च्या जीआय बिलामुळे युद्धावरून परतलेले लाखो सैनिक सरकारी पैशावर कॉलेजात येऊ लागले. अर्ज वाढले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकेक जण तीन-तीन, चार-चार ठिकाणी अर्ज करायला लागला. कॉलेजच्या बाजूने बघा. तुमच्याकडे ३०० जागा आहेत. ३०० जणांना हो म्हणालात आणि दीडशेच आले, तर अर्धी वसतिगृहं रिकामी. ६०० जणांना हो म्हणालात आणि साडेचारशे आले, तर झोपवायचं कुठे? हो म्हटलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष येतात या प्रमाणाला तिकडे 'यील्ड' म्हणतात. केमिस्ट्रीवाल्यांना हा शब्द वेगळ्या अर्थाने माहीत असेल, पण डोकेदुखी तीच.

यावर पहिला तोडगा कुजबुजीचा होता. १९५० च्या दशकात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन ठरावीक शाळांमधल्या मुलांना अर्जाच्या हंगामातच ए, बी, सी अशा श्रेणी कळवायचे. ए म्हणजे जवळजवळ नक्की, बी म्हणजे बघू, सी म्हणजे दुसरीकडे बघा. मुलाला अंदाज आला, कॉलेजला अंदाज आला, सगळे खूश. त्या ठरावीक शाळांच्या बाहेरचा मुलगा मात्र एप्रिलपर्यंत टपालपेटीकडे बघत बसायचा.

दुसरा तोडगा न्यू इंग्लंडमधल्या आणि आसपासच्या छोट्या, नावाजलेल्या कॉलेजांनी त्याच दशकाच्या उत्तरार्धात काढला. यांची अडचण वेगळी होती. त्यांच्याकडे येणाऱ्या अर्जांत बरेच जण मनातून हार्वर्डचे असायचे. मग त्यांनी सांगितलं की ज्यांना खरोखर आमच्याकडेच यायचंय त्यांनी आधी या, तसं लिहून द्या, आम्ही लवकर उत्तर देतो. हे अर्ली डिसिजन. सुरुवातीला खरं तर ही दोघांच्याही सोयीची गोष्ट होती. मुलाला एकच अर्ज करून नाताळ सुखाने घालवता यायचा आणि कॉलेजला हक्काचे काही विद्यार्थी मिळायचे. पुढे जे झालं त्याचं बीज यात होतं, पण तेव्हा ते कुणाला दिसलं असेल असं मला वाटत नाही.

मध्यरात्रीच्या तारा

आता थोडं वळण घेते, कारण याच काळात डॉक्टरांच्या जगात हाच खेळ शेवटपर्यंत खेळून झाला होता, आणि तो समजला की बाकी सगळं समजतं.

अमेरिकेत मेडिकलची मुलं शिक्षण संपवून हॉस्पिटलात इंटर्न म्हणून जायची. जागा जास्त, मुलं कमी. म्हणून हॉस्पिटलं चांगल्या मुलांना आधीच गाठायला लागली. एकाने सहा महिने आधी विचारलं, तर दुसरं आठ महिने आधी. असं करत १९४४ पर्यंत परिस्थिती अशी आली की इंटर्नशिप सुरू व्हायच्या जवळपास दोन वर्षं आधी जागा ठरायला लागल्या. त्या वेळी मुलाने धड एकही वॉर्ड पाहिलेला नसायचा. आपल्याला सर्जरी आवडते की नाही हेही त्याला माहीत नसायचं.

मग कॉलेजांनी एक शहाणपणा केला. अमुक तारखेच्या आधी मुलांच्या गुणपत्रिका बाहेर द्यायच्याच नाहीत. कागदच नाहीत म्हटल्यावर घाई करणार कशी? तारखा मागे सरकणं थांबलं. पण अनिश्चितता तर तिथेच होती, तिने दुसरी वाट काढली. आता हॉस्पिटलं ऑफर द्यायची आणि म्हणायची, लगेच सांगा. मुलगा म्हणायचा, दुसरीकडचं उत्तर यायचंय, थोडा वेळ द्या. १९४५ मध्ये ठरलं की विचार करायला १० दिवस द्यायचे. पुढच्या वर्षी ८ दिवस. १९४९ पर्यंत ही मुदत १२ तासांवर आली होती. प्रस्ताव असा होता की १५ नोव्हेंबरला मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटाने तारेने ऑफर पाठवायची आणि मुलाने दुपारी १२ पर्यंत उत्तर द्यायचं. हॉस्पिटलांच्या संघटनेला हे १२ तासही जास्त वाटले. शेवटी ठरावात असं आलं की १२ वाजून १ मिनिटानंतर थांबण्याचं बंधन कुणावरच नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि दोन मिनिटांनी ते मावळलं. रात्री साडेबाराला दाराशी तारवाला उभा आहे, हातातली ऑफर तुमची तिसरी पसंती आहे, पहिल्या पसंतीची तार कदाचित पंधरा मिनिटांनी येईल, कदाचित येणारच नाही. या प्रकाराला अर्थशास्त्रात 'एक्स्प्लोडिंग ऑफर' असं नाव आहे, म्हणजे ठरावीक वेळेत घेतली नाही तर हातात फुटणारी.

सुटका झाली ती एका यंत्रणेमुळे. १९५२ पासून सगळ्या मुलांनी आणि सगळ्या हॉस्पिटलांनी आपापला पसंतीक्रम एका मध्यवर्ती ठिकाणी द्यायचा आणि जोड्या तिथे लावायच्या, असं सुरू झालं. यातला एक तपशील मला फार आवडतो. चाचणीसाठी आधी जी पद्धत ठरवली होती ती विद्यार्थ्यांना घातक आहे, तिच्यात खरा पसंतीक्रम लिहिणारा मुलगा तोट्यात जातो, हे विद्यार्थ्यांनीच दाखवून दिलं आणि ती बदलायला लावली. त्यानंतर १० वर्षांनी, १९६२ मध्ये, डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी कॉलेज प्रवेश आणि लग्नं यांच्यावर एक छोटासा पेपर लिहिला. त्याची सुरुवातच आपल्या प्रश्नापासून होते: कॉलेजला जागा माहीत आहेत, अर्ज माहीत आहेत, पण बोलावल्यावर कोण येईल ते माहीत नाही, मग किती जणांना बोलवायचं? त्यांचं उत्तर असं की कुणीही लगेच पक्का होकार द्यायचा नाही. आलेल्या प्रस्तावांतला सर्वांत चांगला तात्पुरता धरून ठेवायचा, त्याहून चांगला आला तर आधीचा सोडायचा, आणि कुणाकडेच नवा प्रस्ताव उरला नाही की मग जे हातात आहे ते पक्कं. असं केलं तर शेवटी अशी एकही जोडी उरत नाही जी 'आपण दोघं एकमेकांना आत्ताच्यापेक्षा जास्त पसंत आहोत' असं म्हणून पळून जाईल. हॉस्पिटलांची यंत्रणा गणिताने बघितली तर हेच करत होती, हे ॲल्विन रॉथ यांनी १९८४ मध्ये दाखवलं. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल याच कामाच्या मालिकेसाठी मिळालं.

तुमच्यातल्या बहुतेकांनी हे अनुभवलेलं आहे. आयआयटीच्या जोसा काउन्सेलिंगमधलं फ्रीज, स्लाइड, फ्लोट आठवा. मिळालेली जागा हातात धरून वरच्या पसंतीची वाट बघायची, हाच तो 'तात्पुरता होकार'. आपल्याकडच्या कॅप राउंडमध्ये पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते आपोआप फ्रीज होतं आणि मग घरोघरी 'पहिलं हे का टाकलंस' यावरून जी भांडणं होतात, ती पसंतीक्रम विचार न करता भरल्यामुळे होतात. आपल्या व्यवस्थेला आपण कितीही नावं ठेवली, तरी मध्यरात्री तार घेऊन दारात कुणी उभं राहत नाही.

अमेरिकन कॉलेजांनी हे का केलं नाही? माझं मत विचाराल तर, त्यांना मोकळा हात हवा होता. कोणाला किती शिष्यवृत्ती द्यायची, कोणत्या माजी विद्यार्थ्याच्या मुलाकडे जरा मायेने बघायचं, कोणता खेळाडू घ्यायचा, हे यंत्रात टाकता येत नाही. किंवा टाकता येतं, पण मग ते सगळ्यांना दिसतं.

लवकर आलेल्यांचा फायदा

१९७० च्या दशकाच्या मध्यात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांनी ए-बी-सी सोडून अर्ली ॲक्शन आणलं. लवकर सांगू, पण बांधून घेणार नाही. ज्याच्याकडे मुलं तशीही येणारच आहेत त्याला बांधून घ्यायची गरज नसते. पण पुढे क्रमवारीचं युग आलं. यूएस न्यूजची कॉलेजांची यादी १९८३ मध्ये सुरू झाली. तिच्यात 'यील्ड'लाही गुण होते, ते थेट २००३ पर्यंत. अर्ली डिसिजनमधला प्रत्येक विद्यार्थी म्हणजे शंभर टक्के यील्ड. वर्गाचा मोठा हिस्सा तिथेच भरला की बाकीच्या थोड्या जागांसाठी जास्त लोकांना नाही म्हणता येतं, आणि कॉलेज आणखी 'दुर्मीळ' दिसायला लागतं. १९९५-९६ च्या सुमाराला येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्डही बंधनकारक अर्ली डिसिजनकडे वळले.

मग २००१ मध्ये जेम्स फॅलोज यांनी द अटलांटिक मासिकात या प्रकाराला उघडउघड रॅकेट म्हटलं. त्याच वर्षाच्या अखेरीस येलचे अध्यक्ष रिचर्ड लेविन यांनी हे बंद झालेलं आवडेल असं जाहीरपणे सांगितलं. २००३ मध्ये ॲव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर यांचं पुस्तक आलं. १४ कॉलेजांमधल्या ५ लाखांहून जास्त अर्जांचा अभ्यास करून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की तोच विद्यार्थी, तेच मार्क, फक्त अर्ज लवकर केला, तर त्याचा फायदा सॅटमध्ये साधारण १०० गुण जास्त पडल्याएवढा होतो. तेव्हा सॅट १६०० गुणांची होती.

हे १०० गुण कोणाला मिळतात? ज्याला सप्टेंबरमध्ये माहीत असतं की असं काही असतं. ज्याच्या शाळेत त्यासाठी माणूस नेमलेला असतो. आणि मुख्य म्हणजे ज्याला पैशाची तुलना करायची गरज नसते. अर्ली डिसिजनमध्ये तुम्हाला आर्थिक मदतीचं एकच पत्र मिळतं. चार कॉलेजांची चार पत्रं टेबलावर मांडून 'तिकडे वर्षाला ८,००० डॉलर जास्त देतायत, तुम्ही काही करू शकता का' असं विचारायची सोय राहत नाही. मदत अजिबातच पुरणार नसेल तर करारातून बाहेर पडता येतं, हे खरं. पण 'पुरत नाही' आणि 'दुसरीकडे जास्त मिळालं असतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी करारात जागा नाही. अनिश्चिततेची किंमत डॉलरमध्ये बघायची असेल तर ती इथे दिसते. कॉलेजला नोव्हेंबरमध्येच खात्री मिळाली आणि तिचं बिल गरजू घराने भरलं.

या टीकेचा परिणाम झाला. २००२ मध्ये येल आणि स्टॅनफर्डने बंधन काढून सिंगल चॉइस अर्ली ॲक्शन जाहीर केलं, मागोमाग हार्वर्डनेही तीच अट स्वीकारली. सप्टेंबर २००६ मध्ये तर हार्वर्डने लवकरचा प्रवेशच पूर्ण बंद करतोय असं सांगितलं. जे आधीच पुढे आहेत त्यांनाच याचा फायदा होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. काही दिवसांतच प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठ सोबत आले. बाकीचे येतील म्हणून हे तिघं वाट बघत राहिले. येल नाही आलं, स्टॅनफर्ड नाही आलं. २०११ पर्यंत तिघंही परत लवकरच्या प्रवेशाकडे वळले. गेम थिअरी शिकवायला याहून चांगलं उदाहरण सापडणं अवघड. एकट्याने शस्त्र खाली ठेवायचं आणि शेजाऱ्याने ठेवायचं नाही, तर किती वर्षं टिकाल? हार्वर्डसारखं हार्वर्ड पाच वर्षं टिकलं.

मग सगळ्यांनी मिळून नियम का करू नयेत? तसे होतेच. प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नीतिनियमांत होतं की फक्त अर्ली डिसिजनवाल्यांना खास वसतिगृह किंवा खास शिष्यवृत्तीचं आमिष दाखवायचं नाही, आणि १ मेनंतर दुसऱ्या कॉलेजला हो म्हटलेल्या मुलाला फोडायचं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने म्हटलं की हा स्पर्धा दाबण्याचा करार आहे, आणि संघटनेला ते नियम काढावे लागले. मला इथे दोन्ही बाजू पटतात आणि त्याचा त्रास होतो. १ मेनंतर कुणी फोडायला आलं तर विद्यार्थ्याला दोन पैसे जास्त मिळू शकतात, हे खरं. पण १ मे ही तारीख जितकी ढिली होते, तितकी कॉलेजं पुढच्या वर्षी नोव्हेंबरकडे जास्त झुकतात, असं मला वाटतं.

आता आपल्याकडे येऊ

पीएचडीवाल्यांना अर्ली डिसिजन नसतं, म्हणून हे सगळं आपल्या कामाचं नाही असं वाटत असेल तर थांबा. अमेरिकेत पीएचडीचा प्रवेश म्हणजे जागा अधिक पैसा: फेलोशिप किंवा असिस्टंटशिप. १५ जागांसाठी किती जणांना ऑफर द्यायची हा विभागाचा प्रश्न तोच, आणि 'लवकर सांगा' हा मोहही तोच. हॉस्पिटलांसारखी शर्यत इथेही लागू शकली असती. ती बऱ्याच अंशी रोखली ती अमेरिकेतल्या काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संस्थेच्या एका ठरावाने. तो १९६५ पासून आहे आणि 'एप्रिल १५ रेझोल्युशन' या नावाने ओळखला जातो.

त्याचा गाभा छोटा आहे. सही केलेल्या विद्यापीठाने दिलेल्या आर्थिक मदतीच्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायचं कोणतंही बंधन विद्यार्थ्यावर नाही. त्याआधीची मुदत घालणं ठरावाच्या हेतूविरुद्ध आहे. आणि घाईत आधी हो म्हणून बसलात, तरी १५ एप्रिलपर्यंत लेखी कळवून तो होकार मागे घेता येतो. त्या तारखेनंतर मात्र तुमचा होकार म्हणजे दिलेला शब्द.

यातला 'मागे घेता येतो' हा भाग सगळ्यात हुशारीचा आहे. म्युरियल निडर्ले आणि रॉथ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रयोगशाळेत छोटे बाजार उभे केले. जिथे ऑफर फुटणारी होती आणि होकार पक्का धरला जायचा, तिथे सौदे फार लवकर आणि माहिती पुरी यायच्या आत झाले, जोड्याही वाईट लागल्या. ऑफर फुटणं थांबवलं किंवा होकार मागे घेण्याची मुभा दिली, की बाजार थांबायला शिकला. दोन्हींपैकी एक पुरेसं होतं. कारण सोपं आहे. दम देऊन मिळवलेला होकार उद्या मागे घेतला जाणार असेल, तर दम देण्यात अर्थ उरत नाही.

पण ठरावाच्या मर्यादा नीट वाचा, इथेच लोक फसतात. तो पैशाच्या ऑफरबद्दल आहे. स्वतःच्या खर्चाने एमएसला जाताय आणि विद्यापीठ म्हणतंय की १ मार्चपर्यंत डिपॉझिट भरा, तर तिथे १५ एप्रिल तुमच्या मदतीला येत नाही. तो सही केलेल्या विद्यापीठांपुरता आहे. अशी शेकडो आहेत, पण सगळी नाहीत. आणि युरोपात हा मुद्दाच लागू होत नाही. तिकडे बऱ्याच ठिकाणी पीएचडी म्हणजे नोकरीची जाहिरात असते, मुलाखत झाली की उत्तर द्यायला एक-दोन आठवडे मिळतात, आणि फेब्रुवारीत तिकडची ऑफर हातात असताना अमेरिकेचं काहीच कळलेलं नसतं. यावर सोपा उपाय नाही. दोन बाजारांची घड्याळं वेगळी आहेत, आणि त्यामधला ताण तुम्हालाच घ्यावा लागतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे. ठरावीक डेडलाइन असलेल्या बहुतेक पीएचडी प्रोग्रॅममध्ये समिती डेडलाइननंतर सगळे अर्ज एकत्र वाचते. तिथे महिनाभर आधी भरून गुण वाढत नाहीत. तो महिना स्टेटमेंट ऑफ पर्पजवर घालवा. रोलिंग असेल तर मात्र आधी येणाऱ्यासाठी जागा जास्त शिल्लक असतात, तिथे घाई कामाची आहे. 'प्रायॉरिटी डेडलाइन'चा अर्थ बहुधा असा असतो की या तारखेपर्यंत आलेल्या अर्जांचा फंडिंगसाठी आधी विचार होईल. फंडिंग हवं असेल तर तीच तुमची खरी डेडलाइन, 'फायनल' तारीख विसरा. चुलत भावाला सांगा की घरच्यांशी पैशाचं बोलणं पूर्ण झाल्याशिवाय अर्ली डिसिजनच्या कागदावर सही करू नकोस, आणि जिथे अर्ली ॲक्शन आहे तिथे अर्ज तयार असेल तर जरूर कर, त्यात गमावण्यासारखं फारसं नाही.

आणि फेब्रुवारीतली ती दहा दिवसांची ऑफर. मागच्या वर्षी माझ्या एका ज्युनिअरला असा मेल आला होता. नाव घेत नाही, विभाग चांगला होता, प्राध्यापकही सज्जन होते, आपल्या मेलमुळे कुणाची झोप उडेल हे बहुधा त्यांच्या लक्षातही आलं नसावं. तिने आधी काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या साइटवर सही करणाऱ्यांची यादी उघडली आणि विद्यापीठाचं नाव आहे का ते पाहिलं. होतं. मग चार ओळींचा मेल लिहिला: ऑफरबद्दल मनापासून आभार, मला तुमच्या ग्रुपमध्ये खरंच रस आहे, अजून दोन ठिकाणची उत्तरं यायची आहेत, तुमचं विद्यापीठ एप्रिल १५ ठरावाचा भाग आहे असं दिसतं, तर मी त्या तारखेपर्यंत उत्तर दिलं तर चालेल का? दुसऱ्या दिवशी ग्रॅज्युएट ऑफिसकडून उत्तर आलं की हो, चालेल. तिने २ एप्रिलला त्यांना नाही म्हणून कळवलं. १५ तारखेची वाट बघितली नाही, कारण तिने सोडलेल्या जागेची वाट वेटलिस्टवरचं कुणीतरी बघत होतं.